इंगळे सिस्टरांच्या गाडीचा चार्ट

आमच्या शेजारच्या इंगळे सिस्टर रोज संध्याकाळी गावातून फेरी मारून आल्यावर आपल्या गाडीखाली धुतलेली पांढरी चादर अंथरतात. अगदी नीट, चारही कोपरे ताणून, मधे एक सुरकुती राहू न देता. उभ्या गाडीच्या पोटाखाली चादर सरकवणं सोपं काम नाही, त्यासाठी त्यांनी एक लांब काठी मुद्दाम ठेवली आहे. सकाळी सहाला चादर बाहेर ओढायची, उजेडाकडे धरायची आणि डाग पडला का ते पाहायचं. तेलाचा काळा, ब्रेकचा पिवळट की एंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा हिरवा. डाग नसला की चादर झटकून दोरीवर टाकायची. रिसोडात नवीन बदलून आलेला माणूस आमच्या गल्लीतून पहिल्यांदा जातो तेव्हा हमखास थांबून बघतो. आम्ही आता थांबत नाही.

सिस्टरांचं नाव सिंधू इंगळे. मानोऱ्याकडच्या तांड्यांमधे त्या एकतीस वर्षं नर्स होत्या. त्यातली पंचवीस वर्षं त्या पायी, बैलगाडीत, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे, नाहीतर जीपच्या मागच्या फळीवर बसून फिरल्या. पन्नाशी ओलांडल्यावर एका डॉक्टरांची जुनी पांढरी मोटार विकायची आहे असं त्यांना कळलं. त्यांनी आधी मोटार घेतली आणि मग चालवायला शिकल्या. "जिंदगीभर मागं बसली मास्तर. आता स्टेरिंग माह्या हातात पायजे," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "ड्यूटी होती" एवढंच म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिसोडला घर बांधलं, आणि माझं नशीब असं की आमच्या भिंतीला भिंत लावून बांधलं.

नोकरी सुटली तरी सिस्टरांची ड्यूटी काही सुटली नाही. फक्त पेशंट बदलला. गाडी तापली की तिला "ताप आला". मिस्त्रीकडे गेली की "ॲडमिट केली". मागून धूर निघाला की "खोकला". एंजिनातलं पाणी कमी झालं की "डिहायड्रेशन". माझी बायको शोभा एकदा त्यांना भाजी द्यायला गेली आणि घाबरून परत आली. "अजी, सिस्टरच्या घरी कोनाले तरी सलाईन लावून राह्यले वाटते," म्हणाली. मी जाऊन पाहिलं. सिस्टर बॉनेट उघडून, नळी लावलेल्या बाटलीतून कूलंटच्या टाकीत थेंबथेंब पाणी सोडत होत्या. एकदम ओतलं की बुडबुडे धरतात, म्हणाल्या.

त्यांचा एक नियम साऱ्या गल्लीला पाठ आहे. "आधी थंड होऊ द्या, मंग झाकन उघडा." तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. मानोऱ्याला असताना एका जीपवाल्याचा भाजलेला चेहरा त्यांनी महिनाभर रोज धुतला होता, तेव्हापासून हा नियम. पण सिस्टर तो गाडीपुरता ठेवत नाहीत. माझं आणि शोभाचं भांडण झालं आणि मी तिची समजूत काढायला लगेच निघालो, की भिंतीपलीकडून आवाज येतो, "मास्तर, आधी थंड होऊ द्या." आणि राग येतो तो हा, की त्यांचं खरं निघतं.

तर अशा या गाडीला जानेवारीत ताप आला. वाशिमहून परत येताना काटा लाल रेघेला टेकला आणि गाडी रस्त्यात बंद पडली. सिस्टर एकट्याच होत्या. चार तास त्या एका पुलाच्या कठड्यावर बसून राहिल्या, आणि त्याच वेळी नागपूरहून त्यांच्या भाच्याचा, प्रशांतचा, फोन आला. प्रशांत म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. बँकेत आहे, चांगला पोरगा आहे, आत्यावर जीव आहे. त्यामुळेच त्यानं डोक्यात घेतलं की आत्यानं आता एकटं राहू नये. नागपूरला त्याच्या फ्लॅटमधे एक खोली रिकामी आहे. वादावादी होऊन शेवटी दोघांमधे ठरलं ते असं. गाडी पुन्हा रस्त्यात बंद पडली, तर गाडी विकायची, रिसोडचं घर भाड्यानं द्यायचं आणि आत्यानं नागपूरला यायचं. सिस्टरांनी शब्द दिला. त्यांनी दिलेला शब्द कधी मोडलेला कुणी पाहिला नाही, म्हणून तर भीती होती.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या रफीक मिस्त्रीकडे गेली. रफीक चाळीस वर्षांपासून एंजिनं उघडतो आणि मराठी-हिंदी एकाच दमात बोलतो. "सिस्टर, पानी कहीं से तो जा रहा है. पर गळती दिसून नाही राह्यली. मले वाटते एंजिन अंदरच पिऊन राह्यलं. दोन रोज गाडी ठेवा, सब खोलून पाहतो. नाहीतर निकाल दो, उमर झाली गाडीची."

"उमर तं माहीबी झाली," सिस्टर म्हणाल्या. "मंग मलेबी निकालता काय?"

रफीकनं कान पकडले. सिस्टर म्हणाल्या, सोमवारी गाडी आणून ठेवते, तोवर मी लक्ष ठेवते. आणि त्या रात्री त्यांनी चार्ट आखला. पुठ्ठ्याच्या पाटीला चिमट्यानं लावलेला कागद, त्यावर रकाने. तारीख, लेव्हल, रंग, ताप, शेरा. आणि शेवटी दोन सह्या. एक त्यांची आणि दुसरी माझी.

"माझी कशाला?" मी विचारलं.

"एका सहीवर चार्ज देता येत नाही. सरकारी नियम हाय."

गाडी सरकारी नाही हे सांगून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवसापासून, रविवार सोडून, सकाळी सहाला माझ्या खिडकीवर टकटक सुरू झाली. मी शाळेत मास्तर आहे, शाळा साडेदहाची आहे, आणि सातपर्यंत झोपणं हे माझ्या आयुष्यातलं एकच ऐश्वर्य आहे. तरी उठायचो. बॉनेटच्या आत डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची पिवळट पडलेली टाकी, तिच्यावर दोन रेघा. पाणी त्या दोन रेघांच्या मधे पाहिजे. टॉर्च टाकीच्या मागून धरायचा म्हणजे पातळी दिसते. पातळी बरोबर असली तर सही करून पाच मिनिटांत सुटका. पण कमी असली की अर्धा तास गेलाच. आधी सिस्टर चिंतेत पडायच्या, मग चादर तपासायच्या, नळ्या चाचपायच्या, मला गाडीखाली वाकून पाहायला लावायच्या. आणि पातळी रोज कमी असायची. अर्धं बोट, कधी एक बोट. चादर मात्र कोरी.

चार दिवसांत माझं डोकं तापलं. पाचव्या दिवशी मी एक अक्कल लढवली. साडेपाचला उठलो, तांब्यात फिल्टरचं पाणी घेतलं, सिस्टरांचं फाटक हळूच उघडलं, बॉनेट उचललं आणि टाकी वरच्या रेघेपर्यंत भरून आलो. बॉनेटला कुलूप नव्हतं आणि सिस्टरांच्या घरी उजेड नव्हता. सहाला टकटक झाली. डोळे चोळत गेलो. लेव्हल पूर्ण. सही केली आणि घरी येऊन सातपर्यंत झोपलो.

शोभानं सगळं पाहिलं होतं. "अजी, सहाले उठा लागू नाही म्हनून साडेपाचले उठून राह्यले तुमी?" तिनं विचारलं. मी तिला हिशेब समजावला की अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर आलं आहे. तिला तो पटला नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नव्हता, पण एकदा सुरू केलेलं थांबवता येईना. मधेच थांबलो असतो तर पातळी एकदम खाली आली असती आणि सिस्टर घाबरल्या असत्या.

सोमवारी गाडी रफीककडे जायची होती, ती गेली नाही. मी समजलो की लेव्हल नीट आहे म्हणून सिस्टरांना गरज वाटली नसेल. रफीक दोनदा येऊन विचारून गेला. "पेशंट स्टेबल हाय," सिस्टर म्हणाल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

असे पंधरा दिवस गेले आणि नवीन पंचाईत झाली. कूलंट हिरवं असतं. मी रोज साधं पाणी ओतत होतो, त्यामुळे हिरवा रंग फिका होत चालला. चार्टवर सिस्टरांच्या सुबक अक्षरात नोंदी यायला लागल्या. "रंग फिका." "रंग आणखी फिका." मी गुपचूप बाजारात जाऊन कूलंटची बाटली आणली. दुकानदारानं हिरवं पाहिजे की गुलाबी असं विचारलं होतं. मी मराठीचा मास्तर. मला वाटलं, दोन्ही चांगलीच असणार, आणि गुलाबी दिसायला बरी होती.

दुसऱ्या दिवशी सहाला सिस्टरांनी टाकीमागे टॉर्च धरला तेव्हा आत गढूळ, तपकिरी असं काहीतरी होतं. मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "लघवीचा रंग बदलला." माझ्यासमोर पाटी धरली. मी सही केली.

त्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी घरी आलो तर सिस्टरांनी सगळं पाणी काढून, दोनदा धुऊन, टाकी नवीन हिरव्या कूलंटनं भरली होती. "दोन जातीचं औषध एकत्र देऊ नये," त्या भिंतीवरून मला म्हणाल्या. "कालवलं का त्याचा गोळा होते, मंग नळ्या बुजतात." मी म्हणालो, असं का, मला माहीत नव्हतं. हे अगदी खरं होतं. त्या आत गेल्या आणि उरलेल्या हिरव्या कूलंटची अर्धी बाटली कंपाउंडच्या भिंतीवर, बरोबर माझ्या बाजूला, विसरून गेल्या. मी मनात म्हटलं, देव आहे. पुढचे दीड महिने मी त्याच बाटलीतून घेतलं, पाण्यात अर्धं-अर्धं करून. ती संपत आली तेव्हा सिस्टर दुसरी विसरल्या. म्हातारपणी विसरभोळेपणा येतो, असं मी शोभाला म्हणालोसुद्धा.

एप्रिलमधे प्रशांत आला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावर चंद्राबाई म्हणून सिस्टरांच्या जुन्या जोडीदारीण आहेत. बाळंतपणाला या दोघी मिळून जायच्या. चंद्राबाईच्या नातीचं बारसं होतं आणि सिस्टर आल्याशिवाय पाळणा हलणार नाही असा निरोप होता. प्रशांत म्हणाला, "आपण सगळे आत्याच्याच गाडीनं जाऊ. उन्हात जाऊन यायचं. गाडी नीट गेली आणि नीट आली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. बंद पडली, तर आत्या, शब्द शब्द असतो."

"शब्दच हाय," सिस्टर म्हणाल्या. "मास्तरबी येतीन. सहीले."

तीन महिने मी ज्या गाडीचं आजारपण झाकलं होतं, ती आता भर उन्हात रिसोडहून वाशिम, मंगरूळपीर करत मानोऱ्याला जाणार होती. खरं सांगावं तर प्रशांत गाडी आजारीच आहे म्हणून तिथंच विकायला काढणार. न सांगावं तर गाडी रस्त्यात थांबणार. दोन्ही वाटांनी सिस्टर नागपूरला जाणार. त्या गेल्या तर मला सातपर्यंत झोपता येईल, असा विचार करून पाहिला. त्यानं बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. डिकीत मी माझी पिशवी ठेवायला गेलो तर तिथं पाण्यानं भरलेल्या सहा कॅन. "एवढं पाणी?" मी विचारलं. "ऊन हाय, तहान लागते," सिस्टर म्हणाल्या. माझ्या पिशवीतही पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, टॉवेलात गुंडाळलेल्या. त्या माझ्या तहानेसाठी नव्हत्या.

वाशिम ओलांडल्यावर सिस्टरांनी गाडी बाजूला घेतली. "राउंड," म्हणाल्या. प्रशांतला फोन आला होता, तो बोलत पुढं गेला. सिस्टर टपरीवर चहा सांगायला गेल्या. मी विजेच्या चपळाईनं बॉनेट उचललं. प्लास्टिकच्या टाकीचं टोपण गरम असतानाही उघडता येतं, एवढं मी शिकलो होतो. दोन बोटं कमी होतं. मी बाटली रिकामी केली आणि बॉनेट लावून चहा प्यायला गेलो. मी चहा पीत असताना सिस्टर म्हणाल्या, "तुमी बसा, मी काच पुसून येते," आणि गेल्या. प्रशांत परत आला तेव्हा गाडीखालून हिरव्या पाण्याची धार वाहत होती.

"आत्या, गळतेय गाडी."

"गळत नाही. जास्त पाजलं गेलं," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कपात तोंड घातलं.

मंगरूळपीरच्या पुढं काटा चढायला लागला. आधी मधोमध, मग हळूच वर. सिस्टरांनी काही न बोलता हीटर पूर्ण सोडला. एंजिनाची उष्णता त्या वाटेनं आत ओढली जाते आणि एंजिनाला तेवढा आराम मिळतो, ही त्यांची जुनी युक्ती. पण एप्रिलचं ऊन, दुपारचे बारा आणि पायांवर हीटर. प्रशांतचा बारशासाठी घातलेला इस्त्रीचा शर्ट पाच मिनिटांत अंगाला चिकटला. "आत्या, हे काय चालू हाय?" एरवी पुस्तकी बोलणाऱ्या त्याच्या तोंडून आमचीच भाषा निघाली. "तापावर इलाज चालू हाय. खिडकी उघड," सिस्टर म्हणाल्या. काटा लाल रेघेच्या अलीकडे थरथरत होता. एका बाभळीखाली त्यांनी गाडी उभी केली आणि किल्ली फिरवून एंजिन बंद केलं.

बॉनेटखाली कुठंतरी टिकटिक होत होती. प्रशांत खाली उतरला, रस्त्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, संपलं. बंद पडली."

"पडली नाही. मी केली," सिस्टर म्हणाल्या. "ताप आला आन् फीट आली, यात फरक असते."

"आत्या, लहान मुलासारखं करू नको."

सिस्टर बाभळीच्या बुंध्याशी जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. प्रशांतनं गाडीतून चार्टची पाटी काढली आणि चाळायला लागला. "पहिले चार दिवस सोडले तर तीन महिने एक दिवस लेव्हल कमी नाही. रोज पूर्ण. दोन सह्या आहेत. मग आज पाणी गेलं कुठं?"

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. साडेपाचचं फाटक, तांब्या, गुलाबी कूलंट, भिंतीवरची बाटली, वाशिमची बाटली, सगळं. म्हणालो, प्रशांत, चार्ट खोटा आहे आणि तो मी खोटा केला. मी पाणी ओतलं नसतं तर सिस्टरांना गळती कळली असती, त्यांनी गाडी रफीककडे दिली असती, ती केव्हाच दुरुस्त झाली असती. यात त्यांची चूक नाही. त्यांना शब्दात धरू नको. हे बोलताना माझा आवाज चिरका झाला, वर्गात कधी होत नाही तसा.

सिस्टर तिथंच बुंध्याशी बसल्या होत्या. त्या पदरानं मान पुसत म्हणाल्या, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सारं. पयल्या दिवसापासून. पेशंटचं पानी आपोआप वाढत नाही मास्तर. एकतीस वर्षं चार्ट भरले मी. नातेवाईक पलंगाखालून काय चारतात, ते मले वासावरून समजे. आन् ते बाटली भिंतीवर विसरायले मी काय येडी हाव?"

प्रशांत त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "आत्या, मग माहीत होतं तर रफीककडे का नाही दिली गाडी? तुले माहीत होतं, बंद पडली तर काय होणार."

सिस्टर म्हणाल्या, "एकतीस वर्षं माह्या घरचं दार वाजलं, ते कोनाले तरी काही पायजे म्हनून वाजलं. कोनी अडली, कोनाले ताप, कोनाले इचू चावला. चांगलंच हाय ते, ड्यूटी होती. रिटायर झाली तं तेबी बंद झालं. मंग एक दिवस सकाळी फाटक वाजलं. मी खिडकीतून पाह्यलं, तं मास्तर. हातात तांब्या. मले वाटलं, काही मांगाले आले. तं मानूस देऊन गेला आन् सांगतलंबी नाही. माह्या जिंदगीत असं पयल्यांदा झालं, प्रशांत. मी रोज सव्वापाचले उठून अंधारात बसो, फाटक वाजाची वाट पाहत. गाडी दुरुस्त केली असती तं कोन आलं असतं?"

ऊन रणरणत होतं. मी सिस्टरांच्या पायांजवळच्या मातीकडे पाहत होतो. मला खरं बोलायचं होतं. म्हणालो, "सिस्टर, मी तुमच्यासाठी नव्हतो येत. मला झोपायचं होतं."

"तेबी माहीत हाय. झोपेसाठी आले ते पयले आठ दिवस. मंग रविवारीबी येऊन राह्यले. रविवारी मी तुमाले सही मांगत नाही."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तीन महिन्यांतले रविवार आठवून पाहिले. एकही चुकवला नव्हता. मग मात्र मला रडू आलं, आणि रस्त्यावरून एक एसटी गेली तिच्या धुळीचं निमित्त करून मी डोळे पुसले.

पाऊण तासानं एंजिन गार झालं. सिस्टरांनी फडकं धरून झाकण उघडलं, दोन कॅन आत गेल्या. गाडी चालू केल्यावर प्रशांत एंजिनावर वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि एकदम म्हणाला, "आत्या, इकडे ये." एंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळीला बारीक चीर होती. गाडी चालू असली की तिथून केसासारखी धार उडायची आणि खालच्या तापलेल्या पाईपवर पडून तिथंच वाळून जायची. म्हणून चादर रोज कोरी. रफीकनं एंजिन उगाच बदनाम केलं होतं. सिस्टरांनी पर्समधून चिकटपट्टी आणि बँडेज काढलं आणि त्या नळीला अशी पट्टी बांधली की प्रशांतला हसू आवरेना. गाठसुद्धा बाजूला घेतली, पेशंटला रुतू नये म्हणून.

पट्टी मानोऱ्यापर्यंत टिकली. तिथल्या मिस्त्रीनं अर्ध्या तासात नळी बदलली. आम्ही तांड्यावर पोचलो तेव्हा सगळे जेवून बसले होते, पण पाळणा हलवला नव्हता. चंद्राबाईनं सिस्टरांना पाहून नुसता हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. येताना काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. रिसोडला फाटकाशी उतरताना प्रशांत म्हणाला, "आत्या, सुटीत आठ दिवस ये नागपूरला. गाडी घेऊन ये." एवढंच म्हणाला. सिस्टरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो घामट शर्ट काढून धुवायला टाक म्हणून त्याला रागावल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मला जाग आली. गळती बंद झाली होती, माझं काम संपलं होतं. मी कुशीवर वळलो. दुसऱ्या कुशीवर वळलो. शोभा अंधारात म्हणाली, "अजी, जा नं एकदाचे. मलेतरी झोपू द्या."

रिकाम्या हातानं जायला लाज वाटत होती, तरी गेलो. फाटक वाजवून उघडलं. सिस्टर पायरीवर बसलेल्या होत्या, हातात टॉर्च. मला पाहून उठल्या आणि बॉनेट उघडलं. मी टाकीमागे टॉर्च धरला. हिरवं पाणी वरच्या रेघेला टेकलेलं होतं, केसभरही कमी नाही. आम्ही दोघं वाकून त्या भरलेल्या टाकीकडे बराच वेळ पाहत राहिलो.

"आज तर काहीच करायचं नाही," मी म्हणालो. "मग उद्या येऊन काय करू?"

सिस्टरांनी बॉनेट हळू लावलं.

"या नं," त्या म्हणाल्या. "बसू."